पंक्तीतील ‘नको’

अन्नाला नाही म्हणू नये, पानात टाकू नये, वाढलेले परतवू नये, ही शिकवण आपणांपैकी बहुतेकांना नीट बोलता येऊ लागण्याच्या आधीच मिळालेली असते. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणे व दारी आलेल्यास विन्मुख न पाठविणे ही व्रते म्हणून सांगितली आहेत. ज्या डोंगरी मुलखात भाताला कंदांची जोड दिल्यावाचून पावसाळा निभत नसे, तेथे तर ही व्रते कोणास पोथीतून शिकवावी लागली नाहीत. ती चुलीपाशीच शिकली गेली. या शिकवणीविषयी मला अनादर नाही. परंतु जी शिकवण शंभरांचे कल्याण करते ती एकाच्या जिवावर उठू शकते काय, आणि उठत असेल तर दोष शिकवणीचा मानावा की ती लागू करणाराचा, हा प्रश्न मनात अनेक वर्षे घोळत आहे. तो येथे सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहे.

निमित्त लहान आहे. काही मुले अशी असतात की एखाद्या ठराविक पदार्थाचा, शेंगदाण्याचा, काजूचा, दुधाचा वा अंड्याचा, कणभर अंश पोटात गेला तरी त्यांचा श्वास अडतो. अशा मुलाने शाळेत, लग्नघरी किंवा देवळाच्या पंक्तीत ‘नको’ म्हटले, तर तो अन्नाचा अवमान होतो काय? आणि त्या ‘नको’चे ओझे त्या मुलाने एकट्यानेच वाहावयाचे काय?

आधी व्याधीचे स्वरूप पाहिले पाहिजे, कारण या विषयातील अर्धे वाद निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्यामुळे होतात. सुरण किंवा अळू नीट न शिजता पानात आले तर जीभ व घसा खाजतो. ती खाज सर्वांनाच येते. त्या कंदांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते टोचतात. आमच्या जोयडा तालुक्यात कंद पिकविणाऱ्या कुणबी घरांतील कोणतीही बाई सांगेल की आमसूल वा चिंच घालून चांगले शिजविले म्हणजे तक्रार राहात नाही. दुसरा प्रकार दूध न पचण्याचा. त्यात पोट फुगते, जुलाब होतात. त्रास खरा, पण तो प्राणावर बेतत नाही. तिसरा प्रकार मात्र या दोहोंहून वेगळा. त्यात पदार्थ निर्दोष असतो, रांधणारीचा हात निर्दोष असतो, जठराग्नीही ठीक असतो. गोंधळ होतो तो देहाच्या रखवालदाराचा. रोगजंतूंशी लढण्यासाठी नेमलेली यंत्रणा काजूतील एखाद्या प्रथिनालाच शत्रू समजते, त्याच्याविरुद्ध आपल्या रक्तात विशिष्ट प्रतिद्रव्य तयार करून ठेवते, आणि पुढच्या खेपेस तो पदार्थ येताच काही मिनिटांत साऱ्या शरीरभर हलकल्लोळ माजविते. कधी अंगावर गांधी उठतात, कधी ओठ व जीभ सुजते, कधी वांती होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे श्वासनलिका आवळली जाते व रक्तदाब खाली येतो. यालाच ॲलर्जी म्हणतात, आणि तिच्या प्राणघातक रूपास ॲनाफिलॅक्सिस.

या शब्दांचा इतिहासही मनोरंजक आहे. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे व पोल पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातील विषारी जीवांचा अभ्यास करीत होते. पुढे घरी परतल्यावर त्यांनी कुत्र्यांना असेच विष थोडे थोडे देऊन पाहिले. अपेक्षा अशी की सवयीने कुत्रे विषाला सरावतील. घडले उलट: पहिली मात्रा सोसलेला कुत्रा काही दिवसांनी त्याहून कमी मात्रेने तडकाफडकी मेला. रक्षणाच्या उलट, अशा अर्थाचे नाव त्यांनी १९०२ मध्ये या प्रकाराला दिले, आणि रिशे यांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली काढला. देहात तयार होणारे ते विशिष्ट प्रतिद्रव्य मात्र १९६६ पर्यंत हाती लागले नव्हते. ते इशिझाका या जपानी पतिपत्नींनी अमेरिकेत शोधले. म्हणजे आपल्या पणज्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती, हा त्यांचा दोष नव्हे. पण आपल्याला ठाऊक असूनही आपण पणज्यांच्याच शब्दांत बोलत राहिलो, तर ते कोणाच्या माथी मारावयाचे?

आणि आपले शब्द खरोखरच फसवे आहेत. ‘अंगावर पित्त उठले’ असे आपण म्हणतो, आमसुलाचे पाणी चोळतो व तासाभरात ते ओसरले म्हणजे विसरून जातो. साध्या पित्ताला तो उपाय पुरतही असेल. परंतु त्याच गांधींबरोबर मुलाचा आवाज घोगरा होऊ लागला, खोकला थांबेना, छातीत घरघर सुरू झाली, मूल एकाएकी निस्तेज झाले, तर तेथे आमसूल हातात घेऊन बसणे म्हणजे वेळ दवडणे होय.

अशी मुले किती? युरोपातील संशोधकांनी इतर देशांबरोबर आपल्या कर्नाटकातही, बंगळूर व म्हैसूर येथे, याची मोठी पाहणी केली होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या शाळकरी मुलांच्या आकड्यांत खाद्यपदार्थांची ॲलर्जी येथे ०.१४ टक्के मुलांत आढळली, तर हाँगकाँगमध्ये १.५ टक्के. म्हणजे आपल्याकडे सुमारे सातशे मुलांत एक. त्याच पाहणीतील प्रौढांचे आकडे २०१६ साली आले, ते अधिक विचार करावयास लावणारे आहेत. रक्ताच्या तपासणीत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्य आढळलेले लोक शेकडा २६.५ होते, पण खाल्ल्यावर खरोखर त्रास होणारे जेमतेम १.२. यावरून तपासणीचा कागद पाहून मुलाचे दहा पदार्थ बंद करणाऱ्या आईबापांनी बोध घ्यावा. कागदावरील ॲलर्जी व देहातील ॲलर्जी एक नव्हेत. निवाडा जाणत्या डॉक्टरकडूनच करून घ्यावा. मुंबईच्या पाटील, निफाडकर व बापट या डॉक्टरांनी २००१ साली चण्याच्या ॲलर्जीवर संशोधन प्रसिद्ध केले होते. पुरणपोळी व बेसनाचा लाडू ज्या समाजाचा सणाचा मान आहे, त्याने तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता येथेच पहिला आक्षेप येतो. सातशेंत एकासाठी उरलेल्यांनी आपली रीत का बदलावी? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. राज्यकारभार चालविणाराला संख्येचा विचार करावाच लागतो. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या डोंगरात चांगला रस्ता व्हावयास किती वर्षे लागतात ते पाहिले म्हणजे संख्येचे बळ कळते. परंतु पंक्त हा राज्यकारभार नव्हे. पंक्तीत आपण संख्येला वाढीत नाही. समोर बसलेल्या माणसाला वाढतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याच्या आजोबांचे नाव ठाऊक असते, त्याला तिखट कमी लागते हेही ठाऊक असते. मग त्याचा जीव कशाने जाईल एवढेच तेवढे ठाऊक असू नये काय?

मी हे ऐकीव लिहीत नाही. मला काजू चालत नाही. दिग्गीसारख्या गावात, जेथे गोव्याची हद्द जवळ आणि काजूची झाडे दाराशी, तेथे भटजींच्या मुलाला काजू न चालणे ही गोष्ट लोकांना प्रथम विनोदाची वाटली, मग संशयाची. देवाचा प्रसाद ज्याच्या वडिलांच्या हातून सर्वांना मिळतो त्यालाच तो चालत नाही, यात काही तरी पूर्वजन्मीचे असावे, असेही एका वडीलधाऱ्या बाईंनी आईला सुचविले होते. मी सात वर्षांचा असताना शाळेत सरस्वतीपूजन होते. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. बर्फी वाटली गेली. मी दोनदा ‘नको’ म्हटले. गुरुजी वाईट गृहस्थ नव्हते, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरविला आणि म्हणाले, “अरे, प्रसाद आहे. एवढ्याने काय होते? भटजींचा मुलगा ना तू?” मग मी ती खाल्ली. वडीलधाऱ्यांचे ऐकावे हेही मला घरीच शिकविलेले होते. पुढचे मला तुटक आठवते: जीपगाडीतील डिझेलचा वास, बाबांच्या उपरण्याचा ओलेपणा, मांडीत टोचलेली सुई आणि तिच्यानंतर हळूहळू मोकळी होत गेलेली छाती. त्या दिवशी रस्ता खुला होता. आषाढ-श्रावणात आमच्याकडील रस्त्यांची काय अवस्था असते ते वाचकांस सांगावयास नको.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि गुरुजींवर रागावून काही हाती लागत नाही असे मला दिसून आले. प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नव्हता. माझ्या ‘नको’ला किंमत का नव्हती, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या आग्रहाच्या रीतीत आहे.

आपल्याकडे ‘नको’ या शब्दाचा अर्थ ‘नको’ असा नसतो. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, कारण लगेच हो म्हणणे अधाशीपणाचे दिसते. यजमान पुन्हा विचारतो, कारण एकदा विचारून थांबणे कृपणपणाचे दिसते. पाहुणा पानावर हात आडवा धरतो, यजमान बोटांच्या फटीतून लाडू सोडतो, आणि दोघेही संतुष्ट होतात. ही रीत मूळची फार चांगली आहे. जेथे अन्न मोजके तेथे पाहुणा संकोचाने अर्धपोटी उठू नये म्हणून आग्रह जन्मास आला. त्यात भुकेची जाणीव आहे व दुसऱ्याच्या लाजेची कदर आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ खेळून आपण एक शब्द गमावून बसलो आहो. सर्वांचेच ‘नको’ लटके ठरल्यामुळे ज्याचे ‘नको’ खरे आहे त्याच्यापाशी बोलावयास शब्द उरत नाही. मोठा मनुष्य असेल तर तो कारणे सांगेल, मधुमेह म्हणेल, उपास म्हणेल. सात वर्षांच्या मुलाने काय म्हणावे? तो फार तर रडेल, आणि रडला तर त्याला हट्टी म्हणतील.

यात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. धर्माचे कारण दिले की हेच लोक तात्काळ ऐकतात. एकादशी आहे म्हटल्याबरोबर भाताची पळी मागे जाते. कांदालसूण चालत नाही म्हटले तर वेगळे भांडे निघते. शाळांतही तेच. आमच्या राज्यात मुलांना शाळेत दूध देण्याची योजना १ ऑगस्ट २०१३ रोजी सुरू झाली; २०२२ पासून राज्यभरच्या सरकारी शाळांत अंडे देऊ लागले, आणि अंडे न खाणाऱ्यांसाठी केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की. (चिक्की पुढे २०२५ साली बंद करण्यात आली.) मुलांच्या पोषणासाठी केलेले हे काम स्तुत्यच आहे, डोंगरातल्या मुलांना त्याची किती गरज आहे हे मी डोळ्यांनी पाहातो. पण एक पाहावे: अंडे कोण खातो व कोण खात नाही हा प्रश्न प्रत्येक शाळेत काळजीपूर्वक विचारला गेला, कारण तो आचाराचा प्रश्न होता. दूध, अंडे व शेंगदाणा हे तिन्ही जिवावर बेतू शकणारे पदार्थ आहेत. त्यांपैकी कोणता कोणाच्या देहास चालत नाही, हेही त्याच वहीत त्याच वेळी विचारता आले असते. आचार म्हणून नको म्हटले तर तो नेम ठरतो, आणि देह म्हणून नको म्हटले तर तो नखरा ठरतो. हा भेद मला तरी न्यायाचा वाटत नाही. देहही देवानेच दिलेला आहे ना?

आता प्रसादाकडे येऊ. येथे आक्षेप श्रद्धेचा असतो, म्हणून त्याचे उत्तर श्रद्धेच्याच भाषेत दिले पाहिजे. देवाला दाखविलेल्या नैवेद्याने अपाय होणारच नाही, ज्याचा भाव खरा त्याला विषही अमृत होते, असे म्हणणारे लोक भाविक असतात यात शंका नाही. संतमंडळींच्या अशा कथा आपण कीर्तनात ऐकतो. पण त्या कथांत विषाचा पेला ज्याने त्याने स्वतः ओठांना लावला आहे. समुद्रमंथनातून हलाहल निघाले तेव्हा शंकरांनी ते आपल्या कंठात घेतले. इतरांस पिण्याचा आग्रह केला नाही. आपल्या श्रद्धेची परीक्षा दुसऱ्याच्या लेकराच्या श्वासावर घेणे हे भक्तीचे कोणते अंग, ते मला कोणी दाखवून द्यावे.

शिवाय न खाणे म्हणजे नाकारणे, हे समीकरणच आपल्या परंपरेत नाही. एकादशीला मिळालेला अन्नाचा प्रसाद भाविक डोळ्यांना लावून पदरात बांधतो व द्वादशीला घेतो. त्याने प्रसादाचा अवमान केला असे कोणी म्हणत नाही. फूल हा प्रसाद आहे, अक्षता हा प्रसाद आहे, अंगारा हा प्रसाद आहे. मला लहानपणापासून बाबा देवावरचे फूल देत आले, आणि मला कधी कमी मिळाले असे वाटले नाही. तीर्थाच्या बाबतीत मात्र एक सांगणे जरूर आहे. ज्या मुलास दुधाची ॲलर्जी आहे त्याला पंचामृताचे तीर्थ पळीभरही देऊ नये, कारण त्यात दूध, दही, तूप तिन्ही असतात. त्याच्यासाठी तुळशीचे साधे पाणी वेगळ्या पात्रात, वेगळ्या पळीने असावे. मधुमेही माणूस ‘कणभर’ घेतो तसे या मुलांचे नाही. येथे कण आणि मूठ यांत फारसे अंतर नाही.

आणि ज्या काजूवाचून नैवेद्य अपुरा मानतात त्याची कुळकथा काय? काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते आपल्या किनाऱ्यावर आणले. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. म्हणजे आपले देव काजूवाचून हजारो वर्षे संतुष्ट होते. ज्या वस्तूचे नाव कोणत्याही ऋषीस ठाऊक नव्हते ती काढून टाकली तर शास्त्र बुडेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. उलट शास्त्राचा कल दुसरीकडेच दिसतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहाव्यात असे सांगितले आहे: पदार्थाची प्रकृती, त्यावरील संस्कार, संयोग, प्रमाण, देश, काल, जेवणाचे नियम, आणि आठवा तो उपयोक्ता, म्हणजे खाणारा स्वतः. चरकाला आजची ॲलर्जी ठाऊक होती असा दावा मी करीत नाही. तसले दावे करणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. एवढेच म्हणतो की खाणाऱ्याकडे पाहिल्यावाचून अन्नाचे बरेवाईट ठरत नाही, ही दृष्टी आपल्याला परकी नाही.

बाबांनी त्या सरस्वतीपूजनानंतर एक नवी रीत सुरू केली. प्रसाद देण्यापूर्वी ते प्रत्येक नव्या लहान मुलाच्या आईला विचारतात, “बाळाला काय चालत नाही?” लोक प्रथम हसले. मग एके दिवशी एका सुनेने डोळे पुसत सांगितले की तिच्या मुलीला दूध चालत नाही, आणि दोन वर्षे ती मुलीच्या वाट्याचे पंचामृत कोणी पाहाणार नाही अशा बेताने तुळशीत ओतत आली आहे. सासूबाईंना सांगण्याचे धैर्य तिला झाले नव्हते. सातशेंत एक हा आकडा खरा असेल, पण तो एक आपल्या शेजारीच गप्प बसलेला असतो, हे मला त्या दिवशी समजले.

पंक्तिप्रपंचाचा प्रश्न राहिला. एकाच पंक्तीत एकाला एक व दुसऱ्याला दुसरे वाढणे हा आपल्याकडे मोठा दोष मानतात, आणि योग्यच मानतात. कारण तो भेद मान, पैसा, जात पाहून केला जात असे. त्या जुन्या पापाची आठवण इतकी ताजी आहे की मुलास वेगळे वाढावयाचे म्हटले तरी काहींच्या अंगावर काटा येतो. परंतु प्रतिष्ठा पाहून वेगळे वाढणे आणि प्राण पाहून वेगळे वाढणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. काळजी घ्यावयाची ती दुसऱ्याच गोष्टीची: त्या मुलाला पंक्तीबाहेर, ओसरीच्या टोकाला, आईच्या पदराआड बसवू नये. पानातील एक पदार्थ वेगळा असावा. बसावयाचे मात्र सर्वांबरोबर. शाळेच्या जेवणातही मित्रांपासून दूर बसविलेले मूल घरी येऊन काय सांगते ते मला ठाऊक आहे. ते काही सांगत नाही.

व्यवहारात करावयाचे ते थोडके आहे, पण नेमाने करावे लागते. आचाऱ्याला आदल्या दिवशी सांगावे. ऐन पंक्तीत सांगून उपयोग नसतो. एकच डाव दोन भांड्यांत फिरू देऊ नये. ज्या तेलात काजूची भजी तळली त्याच तेलात त्या मुलाची पुरी तळू नये. शक्य तर त्याचे पान आधी वाढावे, म्हणजे हातांची व भांड्यांची सरमिसळ होत नाही. बाजारच्या पुड्यांवर दूध, अंडे, शेंगदाणे, सुकामेव्यातील कठीण कवचाची फळे, सोयाबीन, मासे, गहू इत्यादी असल्यास तसे छापण्याचा नियम देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला आहे. तो मजकूर बारीक अक्षरांत असतो, पण असतो. तिळाचे नाव त्या सक्तीच्या यादीत नाही, हे तीळ न चालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणि प्रसंग ओढवलाच तर औषध एकच: ॲड्रीनलिन. हे द्रव्य जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास शुद्ध रूपात मिळविले. म्हणजे व्याधीला नाव मिळण्याच्या सुमारासच तिचा उताराही हाती आला होता, ही ईश्वराची योजनाच म्हणावयाची. त्याची सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत देतात. मात्रा वजनावर असते. ती डॉक्टरने ठरवून कागदावर लिहून दिलेली असावी व तो कागद घरी व शाळेत दोन्हीकडे असावा. मुलाला आडवे निजवून पाय वर करावे, धाप लागली असेल तर टेकून बसवावे, पण उभे करून चालवू नये. खाज कमी करणाऱ्या गोळ्या श्वास वाचवीत नाहीत. बरे वाटले तरी दवाखान्यात नेलेच पाहिजे, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. परदेशांत हे औषध भरलेली तयार पिचकारी मुले खिशात बाळगतात; आपल्याकडे साधी कुपी व सुई हाच मार्ग बहुतेकांना परवडणारा आहे. लसी टोचण्यासाठी गावोगाव येणाऱ्या परिचारिकेच्या पेटीतही हे औषध असते, कारण लसीनेही क्वचित् असा प्रकार होऊ शकतो. तिची ओळख करून ठेवावी. जेथे दवाखाना दूर व फोनला तार लागेल तेव्हा लागणार, तेथे आधीची तयारी हाच खरा दवाखाना.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भयापोटी काही आईबाप ज्याला काही झालेले नाही अशा तान्ह्यालाही शेंगदाणा, अंडे वगैरे वर्षानुवर्षे दाखवीत नाहीत. हे हितकर नव्हे, असे आता दिसून आले आहे. लंडन व इस्राएल येथील ज्यू मुलांची तुलना २००८ साली झाली. इस्राएलात तान्हेपणीच शेंगदाण्याचा खाऊ देतात, आणि तेथे ही ॲलर्जी लंडनच्या मानाने फारच थोडी आढळली. मग इंग्लंडात ६४० तान्ह्या मुलांवर नीट प्रयोग केला गेला व २०१५ साली त्याचा निकाल आला: पाच वर्षांचे होईतो शेंगदाणा टाळलेल्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी जडली, लहानपणापासून खाणाऱ्यांत ३.२ टक्के. उष्टावणानंतर बाळाला घरचे सर्व अन्न हळूहळू चाखविण्याची आपल्या आज्यांची पद्धत मला या संदर्भात आठवते. परंतु ज्याला ॲलर्जी एकदा जडली आहे त्याला घरच्या घरी थोडे थोडे चारून ‘सवय लावण्याचा’ प्रयोग कोणी करू नये. रिशे यांच्या कुत्र्याची गोष्ट त्यासाठीच वर सांगितली.

मुलाचेही काही कर्तव्य आहे. वय वाढेल तसे त्याने आपले ‘नको’ स्पष्ट, न लाजता व न चिडता म्हणावयास शिकले पाहिजे. मी एस.एस.एल.सी.साठी दुसऱ्या गावी वसतिगृहात राहिलो तेव्हा पहिल्याच दिवशी स्वयंपाक्यांना, खोलीतील सोबत्यांना व रेक्टरांना सांगून टाकले. एक सोबती वर्षभर चेष्टा करी. तोच परीक्षेच्या वेळी आजारी पडल्यावर मी त्याला पेज करून देत असे, आणि पुढे माझ्या ताटात कोणी काही टाकले की तोच आधी ओरडे. अजूनही लग्नाच्या पंक्तीत मी बसलो म्हणजे एखादे काका खीर घेऊन येतात, मी नको म्हणतो, ते हसून पळी पुढे करतात. मी पानावर हात धरीत नाही, कारण हाताचा अर्थ त्यांना वेगळाच वाटतो. मी म्हणतो, “काका, यात काजू आहे, खाल्ला तर मला दवाखान्यात न्यावे लागेल.” यावर काकांचा चेहरा पडतो आणि मला वाईट वाटते. तथापि पंगतीचा विरस होऊ नये म्हणून गप्प राहाण्याइतका मी आता सात वर्षांचा राहिलेलो नाही.

येत्या उत्सवाच्या महाप्रसादात शिऱ्यात व खिरीत काजू न घालण्याचे ठरले आहे. आचाऱ्यांनी यावर एवढाच प्रश्न केला की मग शिऱ्यावर शोभेला काय लावावयाचे? केळ्याचे काप लावावेत असे बाबांनी सुचविले आहे. केळे कोणा मुलास चालत नसेल, किंवा दूध, चणा, तीळ यांपैकी काही वर्ज्य असेल, तर त्या घरच्यांनी उत्सवाच्या चार दिवस आधी देवळात येऊन सांगावे. येणे न जमल्यास शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर चिठ्ठी पाठविली तरी चालेल. नाव, वय आणि वर्ज्य पदार्थ एवढे पुरे. कारण लिहिण्याची गरज नाही.